पाडव्याला घरी व्हिडिओ कॉल लावायचा की नाही? बाहेर राहणाऱ्यांनी सांगा

कृष्णाकाठची (स्टुटगार्ट, मूळची वाईची; मार्च २०२६)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथं नुसती वाचतेय, लिहितेय पहिल्यांदाच. परवा रविवारी रंगपंचमी झाली म्हणजे आमच्या वाईजवळच्या बावधनचं बगाड, बैलांनी ओढायच्या नवसाच्या लाकडी गाड्याची यात्रा. भावाने बांधावर उभं राहून फोन धरला होता, लांबून बगाड येताना दिसलं, बैलांच्या जोड्या, गुलाल, "काशिनाथाचं चांगभलं" एवढं ऐकू आलं आणि त्याची रेंज गेली ती गेलीच. मी ट्राममध्ये होते. पुढचे दोन स्टॉप मी फोनकडे बघत बसले आणि माझा स्टॉप निघून गेला.

आता पुढच्या गुरुवारी, १९ तारखेला पाडवा. इथं सुट्टी नाही, सकाळी साडेनऊला मीटिंग आहे. कडुलिंब नाही, बिल्डिंगच्या नियमात बाल्कनीच्या कठड्याबाहेर काही लावायचं नाही. हे सगळं मॅनेज होईल, त्याबद्दल विचारायचं नाहीये खरं तर. विचारायचंय ते वेगळंच.

गेल्या वर्षी पाडवा ३० मार्चला होता, रविवारी. घरी दहाला गुडी उभारतात, म्हणजे इथले साडेपाच, असा हिशोब करून मी गजर लावला. पण त्याच रात्री इथलं घड्याळ एक तास पुढं गेलं (युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारी जातं) आणि साडेचार तासांचा फरक साडेतीनवर आला, त्यामुळे मी फोन लावला तेव्हा वाईत नऊच वाजले होते. आई केस पुसत होती, बाबा वेळूची काठी ओल्या फडक्याने पुसत होते, भाऊ सुतळी शोधत होता आणि आज्जी पाट्यावर कडुलिंब वाटायला बसली होती. आईने फोन डब्याला टेकवून ठेवला आणि सगळे आपापल्या कामाला लागले. मग दहा वाजता सगळे नटून फोनसमोर ओळीने उभे राहिले, गुडी दाखवली, "नमस्कार कर" म्हणाले, आणि तिथं मला जे रडू फुटलं ते थांबेचना. आई पण रडायला लागली. सणाच्या दिवशी घरात रडारड. बाबा म्हणाले असू दे असू दे, आणि फोन बंद झाला. नंतरचे चार-पाच दिवस माझे फार वाईट गेले.

घरी माझं काम ठरलेलं असायचं. बाबा खुर्चीवर चढून काठी बांधायचे तेव्हा खुर्ची धरायची, आणि त्याआधी साखरेच्या गाठीचा दोरा तपासायचा, कारण एका वर्षी तो तुटून गाठी खाली पडली होती. आज्जी कोवळा पाला, गूळ, चिंच, ओवा, मीठ आणि भिजवलेली हरभऱ्याची डाळ असं वाटायची, प्रत्येकाच्या तळहातावर गोळी ठेवायची आणि गिळेपर्यंत तोंडाकडे बघत बसायची. आज्जी आता ८४ ची आहे.

तर प्रश्न असा की तुम्ही लोक सणाच्या दिवशी फोन लावता का? की दुसऱ्या दिवशी निवांत बोललेलं बरं? माझी इथली मैत्रीण म्हणते त्या दिवशी फोन लावूच नये, त्रासच होतो. मला पटत नाही पण गेल्या वर्षीसारखं पण नकोय. मनापासून सांगा.


चाकरमानी (सिंगापूर, गाव संगमेश्वर तालुक्यात)

ताई, तुमचं वाचून लिहिल्याशिवाय राहवलं नाही. पाडव्याचं मला फार सांगता येणार नाही, आमचा खरा सण शिमगा. गणपतीला सगळेच गावी जातात, मी पण पंधरा वर्षं गणपतीचीच रजा टाकत होतो. पण शिमग्याला देवी स्वतः पालखीत बसून आपल्या दारात येते ना. गणपती तुम्ही सिंगापुरात आणून बसवू शकता, पालखी कशी आणणार.

वडील गेले आणि घर बंद झालं. पहिल्या वर्षी मी मुद्दाम फोन केला नाही, तुमची मैत्रीण म्हणते तसंच. म्हटलं नको बघायला. नंतर चुलतभावाने सांगितलं की पालखी आमच्या अंगणात आली, घराला कुलूप, अंगण सारवलेलं नाही, खालू वाजतोय आणि पुढं यायला कोणीच नाही. भोई थोडा वेळ थांबले आणि पालखी पुढच्या घरी गेली. हे मला तीन महिन्यांनी कळलं आणि मला वाटलं की याच्यापेक्षा त्या दिवशी रडलो असतो तर परवडलं असतं.

दुसऱ्या वर्षी आधीच फोन करून आमच्या वाडीत पालखी कुठल्या दिवशी ते विचारून घेतलं (मानकऱ्यांची बैठक झाली की वाडीवाडीचे दिवस ठरतात, हे आधीच विचारून ठेवायचं). वहिनीला पैसे पाठवले, तिने दार उघडून झाडलोट केली, अंगणात शेण सारवलं, रांगोळी काढली, पायावर पाणी घातलं, खणानारळाने ओटी भरली. गुरवांनी गाऱ्हाणं घातलं त्यात माझं नाव घेतलं, माझ्या मुलीचं नाव घेतलं, "परमुलखात हाय, त्याची राखण कर म्हाराजा" म्हणाले आणि सगळी वाडी एका आवाजात "व्हय म्हाराजा". फोनवर चित्र असं काही दिसलंच नाही, भाऊ पण पालखीखाली शिरला होता आणि फोन खिशात होता. नुसता आवाज. मी ऑफिसच्या जिन्यात उभा होतो, भिंतीला कपाळ लावून.

तर फोन लावा. पण फोन लावायच्या आधी तिथलं काहीतरी आपल्या अंगावर घ्या, असं माझं म्हणणं. आता मी एक वर्षाआड रजा शिमग्यालाच टाकतो. साहेबाला सांगून ठेवलंय की फाल्गुन म्हणजे फाल्गुन.


मेपलमावशी (टोरांटो)

अगं पोरी, १९९८ पासून इथं आहे मी. तेव्हा व्हिडिओ कुठला, फोनकार्ड खरवडून नंबर लावायचा, मिनिटं मोजायची आणि त्यात सासूबाई आधी हवामान विचारणार. तरी पण त्या दिवशीच लावायचे. दुसऱ्या दिवशी लावला तर घरातले सगळे आपापल्या कामावर गेलेले असतात आणि फोनवर फक्त पाडवा कसा झाला ते ऐकायला मिळतं.

माझी एक चूक सांगते. इथं मंडळाचा कार्यक्रम सोयीने शनिवारी असतो, ते बरोबरच आहे, हॉल मिळायला हवा, लोकांना यायला हवं. पण मी घरात पण तसंच करायला लागले, म्हटलं शनिवारी करू सगळं. आणि मुलगी आठ वर्षांची असताना शाळेत सांगून आली की आमचं नवीन वर्ष एप्रिलमधल्या एका शनिवारी असतं. त्या दिवसापासून ठरवलं, मोठा स्वयंपाक शनिवारी, पण गुडी त्याच दिवशी, सकाळी, ऑफिसला जायच्या आत, मग बाहेर बर्फ का असेना.

कठड्याबाहेर नको म्हणतात ना, मग आत लाव. टोमॅटोच्या रोपांना आधाराला बांबूच्या काठ्या मिळतात त्यातली जाड बघून घे, कुंडीत रोव, कुंडीला वजन ठेव. साडी नको, जड होते, काठी वाकते. ब्लाउजपीस पुरे, खण असेल तर उत्तम.

गाठी घरी होते, घाबरू नकोस. एक वाटी साखर, पाव वाटी पाणी, उकळून पाक चांगला दाट होऊ दे, थेंब टाकला की टिचकीसरशी घट्ट व्हायला हवा. मग चमचाभर तूप घालून गॅस बंद करून घोटत राहायचं. पाक गढूळ दिसायला लागला की लगेच ओतायचा, एक क्षण उशीर केलास तर पातेल्यातच दगड होतो. आधीच ताटलीला तूप लावून त्यावर जाड दोरा आडवा पसरून ठेवायचा आणि चमच्याने त्यावर चकत्या टाकत जायच्या. वाळल्या की सुटतात. आकार वेडेवाकडे येतात, येऊ देत.

कडुलिंबाचं मात्र सांगते, भारतातून येताना बॅगेत डहाळी आणायची नाही. तुमच्या युरोपात २०१९ च्या डिसेंबरपासून जवळजवळ सगळ्या ताज्या पाल्याला-फळांना तिकडच्या सरकारचं रोगमुक्तीचं सर्टिफिकेट लागतं. माझं कुंडीतलं झाड आहे, दहा वर्षांचं, खिडकीत असतं, थंडी बाधली की पानं गाळून बसतं. बी मागवून लावू नकोस, कडुलिंबाचं बी फार लवकर मरतं, वाटेतच जातं. नाहीच मिळाला पाला तर रात्री भिजवलेले मेथीदाणे, गूळ, चिंच, ओवा. कडू तोंडात गेलं पाहिजे ना, मग झालं.

आणि पाडव्याच्या गुरुवारी जीव एवढा अडकवू नकोस गं. तिसऱ्या दिवसापासून चैत्रगौर बसते ती थेट अक्षय्य तृतीयेपर्यंत, यंदा १९ एप्रिल, तो रविवारच आहे. महिनाभर कधीही हळदीकुंकू कर. मी तर पाडव्यापेक्षा त्याचीच वाट बघते. पितळेची अन्नपूर्णा छोट्या झोपाळ्यात बसवते, पायऱ्यांची आरास, दाराशी चैत्रांगण काढते. पूर्वी अंगणात काढायचो, आता लाकडी फळीवर. गौर, शंख, चक्र, गोपद्म, तुळस, हत्ती, कासव, चंद्र, सूर्य, सगळं आठवून आठवून. आंबेडाळ, पन्हं, ओटीत भिजवलेले हरभरे. इंडियन दुकानात कैरी आंबट असेल का विचारून घ्यायचं, नाहीतर गोडसर निघते आणि डाळीची सगळी मजा जाते. तुझ्या ऑफिसातल्या, शेजारच्या बायकांना बोलाव. पन्हं कोणालाही आवडतं.


सासवडकर

आमच्याकडे ठरलंय, फोन लावायचा पण रडू आलं तर बंद करायचा नाही. बाकी वरती सगळं आलंच.


गोदाकाठ (ब्रिस्बेन, नाशिक)

मावशींनी कडुलिंबाचा विषय काढलाच आहे तर एक महत्त्वाचं लिहितो, ऑस्ट्रेलियातल्या आणि दक्षिण युरोपातल्या लोकांनी नीट वाचा. इथं रस्त्याकडेला, बागांमध्ये व्हाइट सीडर नावाचं झाड सर्रास दिसतं. पानं लांबून अगदी कडुलिंबासारखी. आपल्याकडे त्याला बकाण निंब म्हणतात. ते कडुलिंब नाही. विषारी आहे, त्याची पिवळी फळं तर फारच. एका वर्षी आमच्या ग्रुपमधल्या एकाने हौसेने पिशवीभर पाला आणला, गुळात वाटायची तयारी पण झाली, नशिबाने एका काकांनी ओळखलं. कडुलिंबाचं पान एकदाच पिसासारखं असतं, मधल्या एका काडीला दोन्ही बाजूंनी पानं आणि ती जराशी वाकडी, कोयत्यासारखी. बकाणाचं पान फांद्या फुटल्यासारखं परत परत विभागलेलं असतं. खात्री नसेल तर गुडीला बांधा हवं तर, पण तोंडात घालू नका आणि लहान मुलांपासून लांब ठेवा. खरा कडुलिंब इथं क्वीन्सलँडमध्ये काहींच्या परसात आहे, विचारलं तर देतात.

बाकी कृष्णाकाठची, तुझ्याकडे निदान वसंत तरी आहे. आमच्याकडे पाडवा येतो तो शरदात. तेच व्हाइट सीडर पिवळं पडायच्या तयारीला लागलेलं असतं आणि आम्ही म्हणतो नवी पालवी फुटली. पहिली दोन-तीन वर्षं मला हे फार खुपलं, वाटायचं सण कॅलेंडरातून फाडून आणलाय. आता नाही वाटत एवढं.

मला पाडव्यापेक्षा रंगपंचमी आठवते. नाशिकच्या रहाडी. बाहेरच्यांना सांगून खरं वाटत नाही की पेशवेकाळातले दगडी हौद वर्षभर रस्त्याखाली बुजवलेले असतात, रंगपंचमीला उकरून काढतात, रंगाने भरतात आणि लोक वरून उड्या मारतात. धप्पा म्हणतो आम्ही. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला, तो वर्षानुवर्षं तोच. आमचा तिवंधा चौकातला धप्पा, सोबत थोरला भाऊ. त्याचा पाय दुखावला तेव्हापासून तो पण मारत नाही. त्या दिवशी आम्ही एकमेकांना फोन करतो आणि रंगपंचमीबद्दल काही बोलत नाही, बाकीचं सगळं बोलतो. पण फोन होतो. चुकवला नाही अजून.


दोन_मुलांची_आई (कोल्हापूर)

मी तिकडची नाही, इकडची. माझी दोन्ही मुलं बाहेर आहेत, एक अमेरिकेत, एक जपानला. म्हणून पलीकडच्या बाजूने लिहिते, राग मानू नकोस.

तुझी मैत्रीण म्हणते त्रास होतो म्हणून फोन नको. बाळा, तुम्ही फोन केला नाही म्हणून आमचा दिवस सुखाचा जात नाही. आम्ही दोघं गुडी उभारतो. हे काठी धरतात, मी बांधते, मग मी धरते आणि हे बांधतात, कारण कोणाचीच गाठ नीट बसत नाही. पुरणपोळ्या चार करते, त्यातल्या दोन शेजारी देते. अकरा वाजता सगळं संपलेलं असतं. मग आम्ही फोनकडे बघत बसतो. मुलांचा फोन येतो तेव्हा मी पैठणी नेसून बसलेली असते, गुडीसमोर दिवा लावलेला असतो, त्यांना ते छान दिसावं म्हणून. आणि तेवढ्यात काय बोलायचं ते सुचत नाही. झालं का, खाल्लं का, गुडी छान झाली आहे. दोन मिनिटात संपतं.

तुझं वाचताना मला एक गोष्ट लागली. तू लिहिलंयस की नऊ वाजता चुकून लावलेला फोन, आईने डब्याला टेकवून ठेवला आणि सगळे कामाला लागले. त्या तासाभरात तू रडलीस असं तू कुठं लिहिलेलं नाहीस. रडलीस ती दहा वाजता, सगळे ओळीत उभे राहिल्यावर. तिथं तू पाहुणी झालीस ना.

मी माझ्या मुलांना आज सांगणार आहे की मला अकरा वाजता नका लावू, सात वाजता लावा, मी पुरण वाटत असताना. आणि तू पण तुझ्या आईला सांग, मला गुडी दाखवू नकोस, मला काम सांग.


कृष्णाकाठची

काकू, तुमचं वाचलं. तीन वेळा वाचलं. मी तो तास विसरूनच गेले होते. आईला फोन करून सांगितलं तर ती म्हणाली, "तुला तिकडून काय काम सांगू गं?" आणि मग दहा मिनिटांनी तिचाच मेसेज आला, बघते म्हणून. सगळ्यांना मनापासून धन्यवाद, चाकरमानी दादा तुम्हाला पण. पाडव्यानंतर लिहीन.


कृष्णाकाठची (१९ मार्च, रात्री)

आत्ताच सगळं आवरून बसलेय, विसरायच्या आत लिहिते.

यंदा घड्याळ अजून बदललेलं नाही, म्हणजे साडेचार तासांचा फरक. पहाटे साडेतीनला फोन लावला, घरी आठ. आईने पुन्हा डब्याला टेकवला. आणि काम काय तर पंचांग. दरवर्षी गुडीनंतर बाबा वाचून दाखवतात, पण त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन महिन्याभरापूर्वीच झालंय, बारीक अक्षर अजून लागत नाही. भावाने पानांचे फोटो पाठवून ठेवले होते. तर मी इथं अंधारात दिवा लावून वाचायचं आणि त्यांनी तिकडे कामं करत ऐकायचं. शके १९४८, पराभव नाम संवत्सर, मग संवत्सरफल, पाऊसपाणी. आज्जी पाट्यावरून ओरडली, "मोठ्यानं वाच, पोटातल्या पोटात काय वाचतीयास." मग मोठ्याने वाचलं, खालच्या मजल्यावरच्यांची मनातून माफी मागून. नाव ऐकून आज्जी म्हणाली पराभव म्हणजे आपल्या दुखण्यांचा. मधेच आई म्हणाली थांब मिक्सर लावते, मी थांबले. भावाला सुतळी सापडली नाही, मीच सांगितलं की माळ्यावर जुन्या पत्र्याच्या पेटीत बघ, आणि तिथंच होती!

गुडी उभारली तेव्हा फोन कोणी उचललाच नाही, मला फक्त छत आणि बाबांचा हात दिसत होता. खुर्ची भावाने धरली होती. रडू नाही आलं. नंतर बसमध्ये थोडंसं आलं, पण ते वेगळं होतं.

इथली गुडी मी सहा-साडेसहाला उजाडताना उभारली. टोमॅटोची काठी, आईचा खण, तांब्या. मावशी, गाठी जमली, दुसऱ्या खेपेला, पहिला पाक पातेल्यातच बसला. कडुलिंबाच्या डहाळीच्या जागी खालच्या बागेतली पिवळी फोर्सिथियाची फांदी लावली. ती कुठून आणली तर शेजारच्या आजींनी दिली. इथं ईस्टरच्या आधी लोक घरात फुलदाणीत फांद्या ठेवून त्यावर रंगवलेली अंडी टांगतात, त्यासाठी आजी फांद्या कापत होत्या, मी विचारलं तर एक मोठी निवडून दिली आणि कशासाठी ते ऐकून घेतलं. संध्याकाळी त्यांना बोलावून मेथीदाणे आणि गूळ दिला. त्यांनी तोंड वाकडं केलं, पण गिळला. मी गिळेपर्यंत बघत उभी होते.

साडेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो इथं, त्याच्या आत हळदकुंकू वाहून गुडी उतरवली आणि घरच्या ग्रुपवर फोटो टाकला. तिकडे अकरा वाजत आले होते, सगळे झोपले असतील असं धरूनच टाकला. लगेच भावाचा फोन आला, म्हणाला घे, आज्जी बोलतीय. आज्जी नऊला झोपते, कधीच जागत नाही.

"उतरवलीस का दिवस मावळायच्या आत?"

"उतरवली आज्जी."

"मग झोपते आता मी."